कोर्टाची पायरी चढायचीच झाली तर... (जिल्हा न्यायालय कसं वाचावं?)

पेठेतला_पाहुणा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे सगळ्यांना पाठ असतं. पायरी चढल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे मात्र कोणी सांगत नाही. साक्षीचं समन्स, वारसाचा अर्ज, आजोबांच्या काळातल्या निकालाची नक्कल, काही ना काही निमित्ताने साध्या माणसाला तिथे जावं लागतंच. म्हणून हा धागा.

प्रश्न असे:
१. समन्सवर 'सकाळी ११' लिहिलेलं असतं. खरंच अकराला नंबर लागतो का?
२. 'आज काही झालं नाही, तारीख पडली' म्हणजे आत नेमकं काय होतं?
३. काहीच काम नसताना नुसतं कामकाज बघायला जाता येतं का?
४. कुठलं काम कुठल्या खिडकीवर?

डोळ्यासमोर पुण्याचं शिवाजीनगर कोर्ट आहे, पण इतर जिल्ह्यांचंही लिहा.

---

मुठेकाठी

आधी पोचायचं बघा. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळणार नाही. पुणे मेट्रोच्या दोन मार्गिका 'जिल्हा न्यायालय' स्थानकात एकमेकींना छेदतात. एक वरून जाते, एक जमिनीखालून. खालचं स्थानक तीसेक मीटर खोल आहे, त्यामुळे पिंपरी-स्वारगेट मार्गाने येणाऱ्यांनी नुसतं वर यायला पाच-सात मिनिटं धरा. आणि कौटुंबिक न्यायालय वेगळ्या इमारतीत आहे. घटस्फोट-पोटगीचा कागद हातात असेल तर आधी वरचं नाव वाचा, मग रांगेत उभे राहा.

---

जुना_शिरस्तेदार

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण निम्मी दमछाक चुकीच्या खिडकीमुळे होते.

नवीन प्रकरण दाखल होतं ते फायलिंग विभागात. पैसे भरणं, समन्स-नोटिसा बजावणं, त्यासाठी बेलीफ नेमणं हे नाझर शाखेचं काम. प्रमाणित प्रती नक्कल विभागातून मिळतात. निकाली प्रकरणांचे गठ्ठे अभिलेख कक्षात, म्हणजे सगळे ज्याला रेकॉर्ड रूम म्हणतात तिथे. चालू प्रकरणाची फाईल मात्र यातल्या कुठेच नसते. ती त्या त्या कोर्टाच्या बेंच क्लर्ककडे किंवा त्याच कोर्टाच्या कपाटात असते. लोक चालू दाव्याची फाईल शोधत रेकॉर्ड रूमला खेपा घालतात.

आता कोर्टांची उतरंड. खाली दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. बहुतेक ठिकाणी तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. वर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, त्यांच्यातलेच एक मुख्य न्यायदंडाधिकारी. त्यावर जिल्हा न्यायाधीश आणि सर्वांत वर प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. दिवाणी काम करताना 'जिल्हा न्यायाधीश' आणि फौजदारी करताना 'सत्र न्यायाधीश', माणूस आणि खुर्ची तीच. 'सेशन कोर्ट कुठे आहे?' असं जिल्हा न्यायालयाच्या दारात उभं राहून विचारणारे रोज भेटतात.

शिक्षेच्या अधिकारातही पायऱ्या आहेत. प्रथमवर्ग दंडाधिकारी ३ वर्षांपर्यंत, मुख्य न्यायदंडाधिकारी ७ वर्षांपर्यंत. सत्र न्यायाधीश कोणतीही शिक्षा देऊ शकतात, फक्त फाशी असेल तर उच्च न्यायालयाने ती कायम करावी लागते.

---

तिरकस

म्हणजे कोर्टातही मजल्याप्रमाणे दर वाढतो!

---

निशाणी_पाच

शिरस्तेदारकाकांना जोडून. घरून निघायच्या आधीच ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरण बघा. त्यासाठी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, हाताशी ठेवा. तो सोळा खुणांचा असतो: राज्याची दोन अक्षरं, जिल्ह्याची दोन, न्यायालयाचे दोन अंक, सहा अंकी अनुक्रम आणि शेवटी वर्षाचे चार. पुण्याचा 'एमएचपीयू'ने सुरू होतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सीएनआरमधला सहा अंकी अनुक्रम हाच दाव्याचा नंबर समजणं. तो नव्हे. दाखल करतानाचा फायलिंग क्रमांक वेगळा, नोंदणी क्रमांक वेगळा आणि सीएनआर तिसराच. कोर्टाबाहेरच्या बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीवर) नोंदणी क्रमांक असतो, तोच लिहून न्या.

पुढची फसगत प्रकारात. आरसीएस म्हणजे नियमित दिवाणी दावा, जुन्या कागदांवरचा 'रे. मु. नं.'. एससीएस म्हणजे विशेष दिवाणी दावा, तो वरिष्ठ स्तराकडे चालतो. आरसीसी म्हणजे दंडाधिकाऱ्यांपुढचा नियमित फौजदारी खटला. एससीसी पाहून 'सेशन केस' समजून घाबरू नका, ती समरी केस, म्हणजे थोडक्यात चालणारा खटला असतो. चेक न वटल्याचे खटले बहुतेक याच नावाखाली दिसतात. हुकूमनाम्याच्या (निकालावरून निघालेल्या औपचारिक आदेशाच्या) अंमलबजावणीचा अर्ज म्हणजे दरखास्त.

---

मधुमालती

तुमचं नाव 'निशाणी पाच' का, हे आता तरी सांगा.

---

निशाणी_पाच

कोर्टाच्या फाईलमधल्या कागदाला जो क्रमांक पडतो तो निशाणी. आपल्याकडे दिवाणी दाव्यात निशाणी १ म्हणजे खुद्द दावा आणि निशाणी ५ म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा, दावा चालू असेपर्यंत समोरच्याला रोखून धरण्याचा अर्ज. ही वहिवाट इतकी पक्की आहे की वकील नुसतं 'पाचवर काय झालं?' विचारतात आणि समोरच्याला कळतं की मनाई मिळाली का, हा प्रश्न आहे. 'पाच नामंजूर' ऐकून दावा हरलो समजू नका. दावा पुढे चालूच असतो.

---

डोंबिवली_फास्ट_नव्हे

मुंबई शहरात 'जिल्हा न्यायालय' शोधू नका, सापडणार नाही. तिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे. भाडेकरू-घरमालकांचे तंटे लघुवाद न्यायालयात जातात. आम्हा डोंबिवलीकरांचं जिल्हा न्यायालय ठाण्याला, त्याआधी कल्याणचं कोर्ट. आणि सगळीकडेच लक्षात ठेवा: सातबाऱ्यावरच्या फेरफाराचा वाद, त्यावरचं अपील हे तहसीलदार-प्रांतांकडचं महसुली काम. ग्राहक तक्रार, सहकारी संस्थेचा वाद, कामगारांचा वाद, ट्रस्टची नोंदणी, यांतलं काहीही जिल्हा न्यायालयाच्या खिडकीवर होत नाही.

---

संथ_वाहते

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर: हो, जाता येतं. खुलं न्यायालय हा नियम आहे. दिवाणीत तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५३-ब मध्ये आहे, फौजदारीत आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये (१ जुलै २०२४ आधीचं कलम ३२७). अपवाद ठरलेले आहेत. बलात्काराचे आणि पोक्सोचे (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांचे) खटले बंद दाराआड चालतात, हिंदू विवाह कायद्याखालचे अर्जही तसेच. दारावर तशी पाटी नसली तरी शिपाई थांबवतो. वाद घालू नका.

आत जाताना मोबाइल बंद. नुसता आवाज बंद करून भागत नाही, कारण हातात धरलेला फोन रेकॉर्डिंगसाठी धरल्यासारखा दिसतो आणि मग तो टेबलावर जमा होतो. पुढच्या खुर्च्या वकिलांच्या. मागचा बाक रिकामा असेल तर तिथे बसा. न्यायाधीश येताना-जाताना उभे राहा.

---

रोखठोक

कागदावर ठीक आहे हो. लहान तालुक्याच्या कोर्टात अनोळखी माणूस बाकावर बसला की पहिला प्रश्न 'तुमची केस कुठली?' आणि दुसरा 'मग इथे काय करताय?' खोलीत बारा माणसांची जागा, बोर्डावर साठ प्रकरणं. खुलं न्यायालय म्हणजे उघडं दार, बसायला जागा नव्हे.

---

संथ_वाहते

रोखठोक, जागेचं म्हणणं मान्य. म्हणून दुपारी जा. सकाळची गर्दी ओसरलेली असते. 'कामकाज पाहायला आलोय' एवढं सरळ सांगितलं की सहसा पुरतं.

---

व्याकरणकाका

सगळ्यांना एक विनंती. जिल्हा न्यायालयात असतात ते 'न्यायाधीश'. 'न्यायमूर्ती' उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात. वर्तमानपत्रंसुद्धा घोळ घालतात. तसंच 'न्यायदंडाधिकारी' आणि 'कार्यकारी दंडाधिकारी' वेगळे. दुसऱ्या प्रकारात तहसीलदार येतात. चॅप्टर केसची (शांतता राखण्याची हमी घेण्याच्या कारवाईची) नोटीस आली की लोक कोर्टात धावतात आणि जायचं असतं तहसील कचेरीत किंवा शहरात असाल तर एसीपींकडे, म्हणजे सहायक पोलीस आयुक्तांकडे.

---

तिरकस

काका, मग 'साहेब रजेवर आहेत' यातले साहेब नक्की कोण?

---

जुना_शिरस्तेदार

तिरकस, थट्टा बाजूला, दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. न्यायाधीश रजेवर असले की त्यांचं बोर्ड प्रभारी न्यायाधीशांकडे जातं. ते अत्यंत निकडीचं, म्हणजे जामीन, रिमांड, तातडीची मनाई एवढंच ऐकतात, बाकी सगळ्यांना पुढची तारीख. त्या दिवशी खरंच काही होत नाही.

इतर दिवशी 'तारीख पडली' याचे दहा अर्थ असतात. खरा अर्थ रोजनाम्यात सापडतो. प्रकरणात त्या दिवशी कोण हजर होतं, काय दाखल झालं, काय आदेश झाला आणि पुढची तारीख कशासाठी, हे रोजनाम्यात लिहिलेलं असतं. ॲपवर त्या तारखेवर बोट ठेवलं की त्याचा गोषवारा दिसतो. दर तारखेनंतर तो वाचा आणि शेवटी लिहिलेला टप्पा टिपून ठेवा.

दाव्याचे टप्पे साधारण असे: समन्स बजावणी, प्रतिवादीची कैफियत (लेखी उत्तर), मुद्दे काढणं, वादीचा पुरावा, प्रतिवादीचा पुरावा, युक्तिवाद, निकाल. मधेच कोणी अर्ज दिला की विरुद्ध बाजूचं 'म्हणणे' मागवलं जातं. त्याला एक तारीख, त्यावर ऐकायला एक, आदेशाला एक. एका किरकोळ अर्जाने तीन तारखा खाल्ल्या तरी रोजनाम्यात प्रत्येक वेळी काही ना काही घडलेलं असतं. टप्पा तोच राहून कारणही तेच, 'समन्सची वाट', असं सलग चार तारखांना दिसलं की मात्र समजा, कुठेतरी अडलंय. बहुधा पत्ता अपुरा असतो किंवा समन्सचा खर्चच भरलेला नसतो. अशा वेळी हमदस्त मागता येतो, म्हणजे समन्स बजावून घ्यायला पक्षकाराच्या हाती मिळतं.

कैफियतीला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, कारणं नोंदवून ९० पर्यंत. साध्या दाव्यांत त्याहून उशीर कधी कधी दंड भरून चालवून घेतला जातो. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर दार बंद.

---

रोखठोक

आणि दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय की एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये. ते वाचून हसायचं की रडायचं?

---

जुना_शिरस्तेदार

हसा. पण तहकुबीच्या अर्जाला लेखी विरोध नोंदवा आणि खर्च मागा. विरोध रोजनाम्यात आला की पुढच्या वेळी तोच अर्ज इतका सहज मंजूर होत नाही. तोंडी कुरकुर फाईलमध्ये उतरत नाही.

---

अबोली

साक्षीदारांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण सर्वांत गोंधळलेला माणूस तोच असतो.

समन्स खरं आहे का ते आधी बघा. हल्ली इलेक्ट्रॉनिक बजावणीही कायद्यात आहे, त्यामुळे मोबाइलवर आलेलं समन्स खोटंच असेल असं नाही. पण भामटेही तसलेच कागद पाठवतात. त्यावरचा खटला क्रमांक आणि न्यायालय ॲपवर जुळवा. समन्ससाठी कोणी पैसे मागत असेल तर तो कोर्टाचा माणूस नव्हे.

फौजदारी साक्ष असेल तर अकराच्या आधी त्या कोर्टाबाहेर जाऊन सरकारी वकिलांना किंवा पोलीस ठाण्याच्या पैरवी पोलिसाला (कोर्टाचं काम बघणाऱ्याला) भेटा. समन्स, ओळखपत्र आणि चष्मा न्या. हसू नका, कागदावरची सही ओळखायला सांगतात आणि लोक चष्मा गाडीत विसरतात. पुकारा झाला की पिंजऱ्यात उभं राहायचं, शपथ घ्यायची. ईश्वराची घ्यायची नसेल तर सत्यप्रतिज्ञा चालते. मग सरकारी वकिलांचे प्रश्न, नंतर बचावाची उलटतपासणी.

उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्या आणि सावकाश, कारण ते टंकलिहून घेतलं जात असतं. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. अंदाजाने दिलेलं अंतर किंवा वेळ उलटतपासणीत अंगाशी येतं: आधी '५० फुटांवरून पाहिलं', मग 'रस्ता ओलांडून पाहिलं', आणि रस्ता निघतो ८० फुटी. शेवटी जबाब वाचून घ्या. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर सही करण्याआधी सांगा.

दिवाणीत सरतपास (बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली साक्ष) बहुतेक प्रतिज्ञापत्रावर होतो, त्यामुळे साक्षीदाराला तोंडी सामोरं जावं लागतं ते मुख्यतः उलटतपासणीलाच.

निघताना हजेरीचा दाखला मागा, कार्यालयातल्या रजेसाठी लागतो. प्रवास-भत्त्याचाही विचारा. दिवाणीत ज्याने साक्षीला बोलावलं तो पक्षकार भत्ता आधीच कोर्टात भरतो. आणि समन्स घेऊन गैरहजर राहू नका. आधी जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अजामीनपात्र. आजारी असाल तर वैद्यकीय कागदासह अर्ज त्याच दिवशी पोचवा.

---

मधुमालती

अबोलीताई, चष्म्याचं लाखमोलाचं.

---

दप्तरदार

नक्कल. ठरलेल्या नमुन्यात अर्ज, त्यावर कोर्ट फी तिकीट, प्रकरण क्रमांक, निकालाची तारीख, कुठल्या कागदाची नक्कल हवी ते. नुसतं 'सर्व कागदपत्रे' लिहिलंत तर अर्ज परत येतो.

लोकांना न कळणारी गोष्ट म्हणजे नकलेवरचा शिक्का. त्यावर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली या तारखा असतात. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे यातून वजा होतो. पण तयार झालेली नक्कल तुम्ही पंधरा दिवस उचलली नाहीत तर ते पंधरा दिवस तुमचेच गेले. अर्ज करण्याआधी हुकूमनामा तयार व्हायला लागलेला वेळही वजा होत नाही. म्हणून निकालाच्या दिवशीच अर्ज टाका.

त्रयस्थाला निकालानंतर नक्कल मिळते. निकालाआधी हवी असेल तर न्यायालयाला कारण पटवावं लागतं. आणि स्वतःचं मूळ खरेदीखत पुराव्यात दिलं असेल तर अपिलाची मुदत संपल्यावर ते परत मागून घ्या.

---

खानदेशी_कट्टा

तिकिटावरून आठवलं. कोर्ट फी तिकीट वेगळं आणि स्टॅम्प पेपर वेगळा. बाहेर टेबल मांडून बसलेल्यांकडून लोक ५०० चा स्टॅम्प पेपर घेऊन त्यावर कोर्टात द्यायचं प्रतिज्ञापत्र करतात. थेट न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर करायचं आणि लागेल तेवढं कोर्ट फी तिकीट लावायचं.

आणि बायांनो, हे तर कोणी सांगतच नाही: १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात पोटगी, वैवाहिक संबंधातून आलेला मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. माफी असताना एखाद्या बाईने भरलेली फी पाहिली की जीव तुटतो.

---

रोखठोक

पण हे सांगायला वकील लागतोच ना? सगळा धागा वाचूनही सामान्य माणूस वकिलाशिवाय चार पावलं चालू शकत नाही.

---

खानदेशी_कट्टा

स्वतःची बाजू स्वतः मांडायला कायद्याने आडकाठी नाही. पण वाटपाचा दावा एकट्याने चालवायला जाऊ नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती. स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा. हेल्पलाइन १५१००.

लोकअदालतही तिथलीच. तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडे दोनदा वाचा.

---

कासवगती

वारसाच्या कामाचं कोणी लिहाल का? बँकेने 'कोर्टाचा दाखला आणा' म्हटलं की कुठला?

---

दप्तरदार

बँकेतल्या ठेवी, शेअर, रोखे यांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ खालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. त्याची फी रकमेवर चढते, पण महाराष्ट्रात कमाल ७५,००० रुपये. घर-जमिनीवर वारस म्हणून मान्यता हवी असेल तर वारस दाखला. तो मिळतो १८२७ च्या आठव्या विनियमाखाली, म्हणजे एल्फिन्स्टनच्या काळातला कायदा अजून पोटापाण्याला लागतोय! दोन्हीसाठी बहुतेक ठिकाणी वरिष्ठ स्तर न्यायालय, दोन्हीत जाहीर नोटीस. सर्वांत जास्त अडतं ते एका वारसाला अर्जातून वगळल्यावर. लग्न झालेली बहीण 'विसरली' की नोटीस वाचून ती येते, आणि सरळ अर्जाचा वादाचा अर्ज होतो.

बँकेची मागणी आधी लेखी घ्या. नामनिर्देशन असेल तर बऱ्याचदा दाखल्याशिवाय काम होतं.

---

रंकाळ्यावरून

कोल्हापुरात येणाऱ्यांसाठी सूचना, नाहीतर भलत्या इमारतीत शिराल. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या नव्या इमारतीत आहे. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांची उच्च न्यायालयातली कामंही आता इथेच. रिक्षावाल्याला नुसतं 'कोर्ट' सांगू नका.

---

व्याकरणकाका

भाषेचं राहिलं. १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. अर्ज मराठीत चालतो, साक्ष मराठीत नोंदते. 'इंग्रजीत करून आणा' असं कोणी म्हणालं तर ती सोय त्याची, नियम नव्हे. आता ती मराठी 'सबब', 'येणेप्रमाणे', 'वर नमूद केलेप्रमाणे' अशी असते, त्याला माझा इलाज नाही.

---

पेठेतला_पाहुणा

सर्वांना दंडवत, वाचनखूण साठवली. पहिला प्रश्न मात्र अजून लटकलाय. अकराला पोचायचं का?

---

निशाणी_पाच

पोचायचंच. पण नंबर अकराला लागेल असं नाही. सहसा पहिल्या तासात बोर्ड वरून खाली पुकारलं जातं: हजेरी, नवे अर्ज, म्हणणे, तहकुबी. यात नाव पुकारल्यावर तुम्ही नसाल तर वादीचा दावा गैरहजेरीत फेटाळला जाऊ शकतो, प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी आदेश होऊ शकतो. असा फेटाळलेला दावा पुन्हा चालू करून घ्यायला ३० दिवसांची मुदत असते. पुकारा चालू असताना चहाला जायचं नाही, बाकी कधीही जा. साक्षी-पुरावे त्यानंतर. दोनच्या सुमारास जेवणाची सुट्टी. दुपारी उरलेले पुरावे, युक्तिवाद, आणि दंडाधिकाऱ्यांकडे रिमांडसाठी आणलेले आरोपी.

म्हणून नुसतं बघायचं असेल तर साडेअकराला दंडाधिकाऱ्यांचं बोर्ड अर्धा तास बघा, कोर्ट कसं पळतं ते कळेल. मग वरच्या मजल्यावर एखाद्या दिवाणी कोर्टात उलटतपासणी. दुपारी सत्र न्यायालयातला युक्तिवाद.

---

कासवगती

शनिवारी जमेल का? कामाच्या दिवशी रजा मिळत नाही.

---

जुना_शिरस्तेदार

दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, बाकीचे चालू. पण शनिवारी बोर्ड हलकं असतं, उलटतपासणी क्वचितच सापडेल. मे महिन्यातही जाऊ नका, दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते, फौजदारी चालू. एखादा मंगळवार-बुधवार काढा, आदल्या संध्याकाळी ॲपवर बोर्ड पाहा, आणि ज्या कोर्टाच्या यादीत 'पुरावा' जास्त दिसेल त्याच्या बाकावर मागे बसा. पाण्याची बाटली घरून न्या.

---

तिरकस

आणि चष्मा.